आधी नाव, मग शिल्लक

समजा, तुमच्यापुढे अठ्ठावीस चिठ्ठ्या आहेत. प्रत्येकीवर एका वस्तूचं नाव, थोडं वर्णन आणि ती वस्तू आत्ता जागेवर आहे की कुणी नेली आहे, एवढंच लिहिलेलं. या चिठ्ठ्या तुम्हाला अशा मांडायच्या आहेत, की टेबल मोठं असलं तर एका ओळीत चार बसाव्यात, लहान असलं तर दोन, आणि टेबलाऐवजी नुसता तळहात पुढे आला तर एकीखाली एक. टेबल कुठल्या मापाचं येणार हे तुम्हाला ठाऊक नाही. ते माणसागणिक बदलणार आहे आणि दर वेळी चिठ्ठ्या हलवायला तुम्ही काही तिथे नसणार. मग काय कराल?

अबोली दिघेला विचारलंत तर ती म्हणेल, चिठ्ठ्यांना हातच लावू नका. त्या ज्या पेटीत ठेवल्यात त्या पेटीला सांगा. एक शब्द, फ्लेक्स: आतल्यांनी शेजारी शेजारी उभं राहावं. दुसरा, रॅप: जागा संपली की खालच्या ओळीत जावं. तिसरा, गॅप: दोघांत एवढं अंतर सोडावं. वेब पानं बनवणाऱ्यांकडे असे तयार शब्द असतात, त्यांना ते क्लास म्हणतात. पेटीच्या माथ्यावर हवे ते क्लास लिहिले, की पान मोठ्या पडद्यावर ऐसपैस पसरतं आणि फोनवर अंग चोरून उभं राहतं. अबोलीला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा ती अर्धा तास नुसती खिडकी लहान-मोठी करत बसली होती. आई म्हणाली, "काय करून राहिली तू?" अबोली म्हणाली, "बघ न, आपोआप सरकतात." आईने पाहिलं आणि कुकर बंद करायला गेली.

अबोली पंचवीस वर्षांची आहे. तिचे पणजोबा साताऱ्याहून गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले. तेव्हापासून घरात मराठी टिकली, पण मालव्याची हवा लागूनच. पुण्याच्या मावसबहिणी तिच्या बोलण्याला हसतात, तिला त्याचं काही वाटत नाही. लहानपणी सुदामा नगरातल्या मंडळाच्या गणपतीत बाकीच्या मुली नाचात असायच्या आणि ही दाराशी. तिथे चपलांचा ढीग पडायचा. अबोली एकेका घरच्या चपला एकत्र करायची, म्हाताऱ्यांच्या दाराजवळ ठेवायची आणि त्यांची तोंडं बाहेर वळवायची, म्हणजे त्यांना वाकावं लागू नये. अजूनही मंडळात कुणीतरी विचारतं, "चपला लावणारी अबोली ती तूच ना ग?"

आता ती पलासियाला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कामाला जाते. सात माणसांचं ऑफिस. मालक धनेश, वय चाळीसच्या आत, सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो, मुलींनासुद्धा. गिऱ्हाइकं म्हणजे कोचिंग क्लास, दातांचे दवाखाने, लग्नाची गार्डनं. काम नेहमी घाईचं. अबोलीची पानं लवकर होतात आणि फोनवर कुठे फाटत नाहीत, म्हणून धनेश तिच्यावर खूश असतो.

पण ज्या पानाची ही गोष्ट आहे ते ऑफिसचं नव्हतं. ते मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्राचं होतं.

सभागृहाच्या मागे दोन खोल्या आहेत. तिथे वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्च्या, एअरबेड, सलाइनचे स्टँड असं सगळं ओळीने ठेवलेलं असतं. घरात कुणी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की लोक इथून वस्तू नेतात आणि माणूस बरा झाला की परत आणून देतात. दोन वर्षांपूर्वी अबोलीचे बाबा स्कूटरवरून पडले, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिने केंद्राचा नंबर लावला होता. पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

"उंची किती बाबांची?"

"पाच-सात असेल."

"मग तीन नंबरचा वॉकर न्या. दोन नंबरच्याचं रबर घासलंय, फरशीवर सरकेल. आणि हे बघ, आधी तू चहा घे. आवाज कापतोय तुझा."

त्या मनोरमाकाकू पानसे. वॉकर घ्यायला गेल्यावर अबोलीला कळलं, की काकूंना दिसत नाही. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. मग काचबिंदूने नजर गेली. त्यानंतर आठ वर्षं केंद्राचा फोन त्यांच्याकडे होता आणि रजिस्टर त्यांच्या डोक्यात. कुठली वस्तू कुणाकडे, कधीची, सगळं तोंडपाठ. त्यांचे यजमान सुधाकरकाका रेल्वेतून रिटायर झालेले, केंद्राचे चिटणीस. ते लिहायचे आणि काकू सांगायच्या.

तर या केंद्राचं पान करायचं ठरलं, म्हणजे लोकांना घरबसल्या कळेल काय आहे आणि काय नाही. अबोलीने स्वतःहून हात वर केला. तीन संध्याकाळी बसून तिने अठ्ठावीस वस्तूंचे अठ्ठावीस चौकोन केले. प्रत्येकात आधी नाव, मग वर्णन, मग तळाला एक पट्टी: हिरवी असेल तर "शिल्लक", लाल असेल तर "बाहेर". सुधाकरकाकांनी फोनवर पाहिलं आणि चष्मा वर केला.

"सुंदर आहे. पण पट्टी खाली कशाला? माणूस घाबरलेला असतो ग. त्याला उघडल्या उघडल्या आधी रंग दिसला पाहिजे."

बरोबर होतं त्यांचं. अबोलीने अठ्ठावीस चौकोनांतला लिहिलेला क्रम बदलला नाही. त्यासाठीही एक क्लास असतो, ऑर्डर-फर्स्ट. लिहिलेलं कुठेही असो, दिसताना ते सर्वांत वर दिसतं. तिने तो पट्टीला लावला. एका सेकंदात सगळ्या पट्ट्या वर चढल्या. दुसऱ्या दिवशी तिने धनेशला दाखवलं. "सही है भिया," तो म्हणाला, "असंच आपल्या क्लिनिकवाल्यांना पण करतो न आपण."

पान सोमवारी सुरू झालं. काकूंचा फोन बोलता होता. पडद्यावर बोट सरकवलं की एकेक गोष्ट वाचून दाखवायचा. अबोली त्यांच्याजवळ बसली आणि समजावून सांगितलं, "काकू, प्रत्येक चौकोनात वर पट्टी आहे, शिल्लक किंवा बाहेर. तिच्या खाली नाव."

"वर पट्टी, खाली नाव," काकूंनी म्हणून घेतलं. "झालं. आता विसरणार नाही."

आधी केंद्रातल्या तिघा कार्यकर्त्यांपैकी कुणीही वस्तू दिली किंवा परत घेतली, की तो काकूंना फोन करून सांगायचा. आता ते तिघेही आपापल्या फोनवरून पट्टीचा रंग बदलू लागले. सांगायची गरज राहिली नाही. काकूंच्या डोक्यातलं रजिस्टर दोन दिवसांत शिळं झालं आणि त्या पानावर विसंबू लागल्या.

बुधवारी दुपारी, आधी केंद्राला फोन करून, विक्रम नावाचा एक माणूस महूहून बस बदलत आला. त्याच्या आईला दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. त्याला व्हीलचेअर हवी होती. खोलीत व्हीलचेअर नव्हती. दोन्ही कालपासून बाहेर होत्या.

"आंटीजी ने ही तो बोला था," तो सुधाकरकाकांना म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "बोलीं, है, आ जाओ."

काकांनी चार ठिकाणी फोन फिरवले. एका घरी व्हीलचेअर नुसती कपडे वाळत घालायला वापरून राहिले होते. ती संध्याकाळपर्यंत त्याला मिळाली. तो जाताना काकूंना नमस्कारही करून गेला. पण गोष्ट मंडळात पोचली. अध्यक्ष बाबूराव मनाने चांगले, पण बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

"पानसे, वाईट वाटून घेऊ नका. पण माणूस महूहून आला न! वहिनींनी खूप केलं. आता पंचाहत्तरी जवळ आली. नंबर दुसऱ्या कुणाकडे देऊ. रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवून टाकू."

काकांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काही म्हणालो नाही."

"हं," काकू म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

शुक्रवारी अबोलीला हे कळलं. तिने तिथल्या तिथे फोन काढून पान उघडलं. व्हीलचेअरच्या चौकोनावर लाल पट्टी होती. मागचे बदल पाहिले, तर मंगळवारी संध्याकाळीच ती लाल झालेली. म्हणजे पान बरोबर होतं. चूक पानाची नव्हती. तिला हायसं वाटलं, आणि घरी पोचेपर्यंत त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटू लागली. पान बरोबर, म्हणजे काकू चुकल्या. आणि काकू चुकल्या, तर रविवारी फोन त्यांच्या हातातून जाणार. आठ वर्षं तो फोनच त्यांचं बाहेर जाणं होता.

शनिवारी सकाळी ती पानश्यांच्या घरी गेली. काकू तिच्या आधीच बोलल्या.

"अबोली, माफ कर हं. तुझं पान चांगलं आहे. मीच कुठेतरी चुकले. पण मी ऐकलं होतं ग. शिल्लक, व्हीलचेअर. अगदी असंच."

"काकू, पुन्हा ऐकून बघू या का?"

"तू ऐक. पण बघू नकोस. बघितलंस तर तुला दिसेल तेच ऐकू येईल."

अबोलीने डोळे मिटले. काकूंनी फोन मध्ये ठेवला आणि बोट सरकवायला सुरुवात केली. फोन त्याच्या सपाट आवाजात बोलू लागला. "वॉकर, तीन नंबर. उंच माणसासाठी. बाहेर. चार पायांची काठी. उंची बदलता येते. शिल्लक. घडीची व्हीलचेअर. दोन नग, पाय ठेवायच्या पट्टीसह. बाहेर. एअरबेड…"

अबोलीने डोळे उघडले.

फोन पट्टी वर आहे असं वाचतच नव्हता. त्याला रंग, वर, खाली यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने जसं लिहिलं होतं त्याच क्रमाने तो वाचत होता: नाव, वर्णन, पट्टी. ऑर्डर-फर्स्टने पट्टी फक्त डोळ्यांसाठी वर नेली होती. कानांसाठी ती तळालाच होती. आणि काकूंना तिनेच सांगितलं होतं, वर पट्टी, खाली नाव. म्हणून काठीची "शिल्लक" काकूंनी व्हीलचेअरला जोडली.

"काकू, पहिल्या वॉकरच्या आधी काहीच आलं नाही न? तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. म्हटलं फोन अडखळला. तू सांगितलंस तसा मी नकाशा डोक्यात काढला होता. नकाशा चुकीचा असेल असं माझ्या डोक्यात कसं येणार? शिकवणारीने काढून दिलेला."

हे त्या चिडवायला म्हणाल्या, पण अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नकाशा माझाच चुकला काकू."

"बरं मग," काकू म्हणाल्या, "रडू नंतर. दुरुस्त किती वेळात होतं?"

अबोलीने तिथेच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पहिलं काम, ऑर्डर-फर्स्ट काढून टाकला. पट्ट्या पुन्हा तळाला गेल्या. आता पट्टी खरोखरच आधी लिहावी की नंतर, हा प्रश्न होता.

"काकू, तुम्हाला काय आधी ऐकायला हवं?"

"नाव. फोनवर माणूस काय विचारतो? व्हीलचेअर आहे का. म्हणजे मी व्हीलचेअर शोधणार. आधी नाव, मग शिल्लक. वर्णन गेलं शेवटी."

सुधाकरकाका स्वयंपाकघरातून ओरडले, "आणि माझा रंग?"

"तुमचा रंग कुठे पळून नाही जाऊन राहिला," काकू म्हणाल्या.

अबोलीने दोघांचं ऐकलं. चौकोनाच्या माथ्यावर तिने एक लहान आडवी पेटी केली. तिच्यात आधी नाव लिहिलं, लगेच पट्टी. पेटीला फ्लेक्स दिला आणि जस्टिफाय-बिट्वीन, म्हणजे आतल्या दोघांनी दोन टोकांना जावं. नाव डावीकडे गेलं, पट्टी उजवीकडे, दोन्ही अगदी वर. रंग उघडल्या उघडल्या दिसत होता. लिहिलेला क्रम आणि दिसणारा क्रम आता एकच होता. मग तिने काकांचा जुना, अरुंद फोन मागितला. त्यावर "घडीची व्हीलचेअर" हे नाव लांब पडून पट्टी चेपली जात होती. तिथे रॅप दिला, तशी पट्टी निमूट नावाच्या खाली उतरली.

"आता ऐका."

"घडीची व्हीलचेअर," फोन म्हणाला. "बाहेर. दोन नग, पाय ठेवायच्या पट्टीसह."

काकूंनी सगळं पान शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच थांबून म्हणाल्या, "मानेचा पट्टा अजून बाहेर? फेब्रुवारीत नेलाय त्यांनी. मान एवढी कुणाची दुखते?" काका हसले, आणि अबोलीला पुन्हा तो दवाखान्याच्या जिन्यातला आवाज ऐकू आला.

रविवारी मीटिंगला अकरा माणसं होती. बाबूरावांनी विषय काढायच्या आधीच अबोली उभी राहिली. तिला लोकांपुढे बोलायची सवय नव्हती. तिने जे पाठ केलं होतं ते सगळं विसरून ती म्हणाली, "व्हीलचेअरची चूक माझी आहे. काकूंची नाही. तुम्ही सगळे एक मिनिट डोळे मिटता का?"

"ध्यान करायचंय का?" कुणीतरी म्हणालं. पण मिटले सगळ्यांनी.

तिने जुनं पान जपून ठेवलं होतं, ते फोनला वाचायला लावलं. मग विचारलं, "पट्टी वर, नाव खाली, असं मी तुम्हाला सांगितलंय. आता सांगा, व्हीलचेअर आहे का?"

"आहे," बाबूराव डोळे मिटून ठामपणे म्हणाले. "शिल्लक."

"मग या महूहून," काकू म्हणाल्या.

सभागृहात जो हशा पिकला त्यात बाबूराव स्वतः सगळ्यांत जोरात हसले. हसून झाल्यावर त्यांनी कान पकडले. "वहिनी, नंबर तुमच्याकडेच. मी काही बोललोच नव्हतो असं समजा."

"आजच्या विषयांच्या यादीत लिहिलंय की पण," सुधाकरकाका म्हणाले. "खोडतो."

वर एक ठरावही झाला: पान असलं तरी वस्तू दिली किंवा परत आली, की पूर्वीसारखा काकूंना एक फोन करायचा. हे काकूंनीच मागितलं. पान चांगलं आहे, म्हणाल्या, पण मला माणसं बरी झाल्याचं पान नाही ना सांगत.

निघताना त्यांनी अबोलीचा हात धरला. पायऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या, तरी धरला. "तू ऑफिसातही अशी पानं करतेस ना? ती कुणी ऐकली आहेत का कधी?"

अबोलीने खरं ते सांगितलं. "नाही."

सोमवारी ती पलासियाला पोचली ती काहीशी आनंदातच. धनेशला सगळी हकीकत सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली, दोनदा "क्या बात है भिया" म्हणाला आणि मग विचारलं, "पण आपल्या क्लायंटची कुठे कंप्लेंट आली?"

"नाही आली."

"मग?"

"मग काही नाही. दुपारच्या सुट्टीत बघून घेते."

"बघ की. पैसे नाही मिळणार हं त्याचे."

"माहीत आहे न."

दुपारी डबा उघडून ठेवून तिने दोन वर्षांतल्या आपल्या सगळ्या कामांत ऑर्डर हा एक शब्द शोधला. अकरा पानांवर, एकोणीस ठिकाणी सापडला. काही जागी त्याने काही बिघडत नव्हतं. काही जागी बिघडत होतं. दातांच्या एका दवाखान्याच्या पानावर डॉक्टरांच्या नावावर "आज सुट्टी" अशी पट्टी होती, तिनेच वर चढवलेली. तिने कानात इअरफोन घातला, डोळे मिटले आणि ऐकलं. एका डॉक्टरांची पदवी, वेळ, फी सगळं वाचून झाल्यावर "आज सुट्टी" येत होतं आणि त्याला लागूनच पुढच्यांचं नाव, म्हणजे सुट्टी नीट दुसऱ्याच्याच नावाला जाऊन चिकटत होती.

तिने पोळीचा एक घास खाल्ला आणि ते पान दुरुस्त करायला घेतलं. हाताला काम ओळखीचं होतं, बरं वाटत होतं. एक झालं की खूण, मग पुढचं. तिसऱ्या पानापाशी मात्र तिचा हात थांबला. कंप्लेंट कुणी केली नव्हती हे धनेशचं खरं होतं. पण कंप्लेंट मनोरमाकाकूंनी तरी कुठे केली होती? त्यांनी तर माफी मागितली होती. त्यांच्या घरी जाऊन बसायला अबोली तरी होती. या अकरा पानांवर, या दोन वर्षांत, कुणीतरी असंच चुकीचं ऐकून, आपलंच काही चुकलं असं समजून, मुकाट्याने फोन बाजूला ठेवून दिला असेल का? आणि असेल, तर ते तिला कळणार कसं?